क्लीव्हलँडच्या वेशीवरची जुनी उपनगरं : शंभर वर्षांचं घर घेताना

ओसरी:
अमेरिकेत ओहायोतल्या क्लीव्हलँडला क्लीव्हलँड क्लिनिक हे रुग्णालय, केस वेस्टर्न विद्यापीठ किंवा डाउनटाउनच्या ऑफिसांत कामाला येणारी बरीच मराठी कुटुंबं थेट सोलन, स्ट्राँग्सव्हिलसारखी लांबची, नवी उपनगरं बघतात. शहराला खेटून असलेली लेकवुड, क्लीव्हलँड हाइट्स, शेकर हाइट्स, साउथ युक्लिड ही गावं यादीत येतच नाहीत, किंवा आली तर 'जुनी घरं, नको ती कटकट' म्हणून लगेच गळतात. हे मला पटत नाही. कामाची जागा जवळ, दुकानं आणि लायब्ररी पायी जाण्याच्या अंतरावर, शेकरला तर १९२० पासून धावणारी रॅपिड ट्रेन. फक्त या घरांची तपासणी नव्या घरासारखी करून चालत नाही. म्हणून हा धागा. ज्यांना यातलं खात्रीने माहीत आहे त्यांनी भर घालावी, अनुभवकथन नको, नेमकं काय तपासायचं ते लिहा.

इथली बरीच घरं साधारण १९१० ते १९३० या वीस वर्षांत एकदम उभी राहिली. म्हणून सगळी एकदमच म्हातारी होतात, आणि रस्त्याखालच्या नळ्यांचंही तेच. माझ्या मते बघण्याचा क्रम असा हवा: आधी जमिनीखालचं, मग भिंतीतलं, मग छपराचं आणि सगळ्यात शेवटी स्वयंपाकघर. लोक नेमकं उलट करतात. नवीन ओटा आणि चकचकीत फरशी बघून ऑफर देतात आणि समोरच्या हिरवळीखाली काय आहे ते पहिल्या पावसात कळतं.

सुरुवात मैलापाण्याच्या लाइनीपासून करते. घरापासून रस्त्यातल्या मुख्य गटारापर्यंतची नळी या काळात भाजलेल्या मातीची असायची, दोन-तीन फुटांचे तुकडे एकमेकांत बसवलेले. म्हणजे पन्नास फुटांत वीसेक सांधे, आणि प्रत्येक सांधा म्हणजे झाडाच्या मुळांना दार. साध्या होम इन्स्पेक्शनमध्ये ही नळी बघत नाहीत. कॅमेरा वेगळा सांगावा लागतो आणि तो ऑफरनंतर तपासणीसाठी मिळणाऱ्या मुदतीतच व्हायला हवा. सांगताना चार गोष्टी मागा: घरापासून मुख्य गटारापर्यंत पूर्ण लांबी, पडद्यावर फुटांचा आकडा दिसेल असं रेकॉर्डिंग, दोष जिथे असेल तिथे वरून जागा आणि खोली मोजून खूण, आणि मुळं दिसली तर ती कापल्यानंतर पुन्हा एक फेरी. कापण्याआधीच्या चित्रात मुळांमागची तडकलेली नळी दिसत नाही.

नुसती मुळं असतील तर घाबरू नका, दरवर्षी साफ करून पुष्कळ वर्षं काढता येतात. नळी खचून मध्ये पाणी साठत असेल, किंवा एक तुकडा दुसऱ्याच्या खाली सरकला असेल तर मात्र खणावंच लागतं. आतून अस्तर चढवणारे सगळीकडे अस्तर सुचवतील. खचलेल्या नळीला अस्तर घातलं तर खड्डा तसाच राहतो, फक्त त्याला नवा गिलावा मिळतो.

नळजोड:
उत्तम धागा. यात एक भर. फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधला गवताचा पट्टा, ज्याला क्लीव्हलँडकडे 'ट्री लॉन' म्हणतात, तिथलं मोठं झाड शहराचं असतं, पण त्याखालची नळी कोणाची हे गावागणिक बदलतं. काही ठिकाणी फुटपाथपर्यंत घरमालकाची, काही ठिकाणी थेट मुख्य गटारापर्यंत. गावाच्या सर्व्हिस डिपार्टमेंटला फोन करून पत्त्यासह विचारा आणि उत्तर ईमेलवर मागून घ्या.

दुसरं म्हणजे, घरासमोरच्या हिरवळीत दोन गोल झाकणं दिसतात का बघा. एक मैलापाण्याचं, एक पावसाच्या पाण्याचं. पन्हळीतून आलेलं पाणी नक्की कुठे जातं हे बघायला डाउनस्पाउटमध्ये, म्हणजे पन्हळीतून खाली येणाऱ्या नळीत, रंग टाकून बादलीभर पाणी ओततात आणि कोणत्या झाकणाखाली रंग येतो ते पाहतात. मैलापाण्याच्या बाजूला आला तर जोड चुकीचा आहे, किंवा दोन्ही नळ्या एकाच चरात असून एकीतून दुसरीत झिरपतंय. असे एकाच चरातले गटार या भागात बरेच आहेत. जोराच्या पावसात बेसमेंटच्या फरशीतल्या जाळीतून पाणी वर येण्याचं ते एक मोठं कारण.

हा प्रश्न एकट्या घराचा नाही. नॉर्थईस्ट ओहायो रीजनल सुअर डिस्ट्रिक्ट या इथल्या मैलापाण्याच्या संस्थेने २०११ च्या न्यायालयीन करारानुसार २५ वर्षांचं, सुमारे ३ अब्ज डॉलरचं काम हाती घेतलं आहे. वर्षाला साडेचार अब्ज गॅलन मैला आणि पाऊस मिसळलेलं पाणी एरी तलावात सुटत होतं, ते अर्ध्या अब्जाखाली आणायचं. त्यासाठी खोल बोगदे खणले जातायत. पण बोगदा झाला म्हणून तुमच्या दारातला चुकीचा जोड दुरुस्त होत नाही.

केतकी:
बेसमेंटच्या भिंतीवर पांढरी भुकटी दिसली तर वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवायचं का?

नळजोड:
@केतकी, आधी पन्हळी. ती पांढरी भुकटी म्हणजे भिंतीतून आलेल्या पाण्याने मागे ठेवलेले क्षार. इथली माती चिकण आहे, भिंतीलगत साठलेलं पाणी लवकर मुरत नाही. पन्हळी साफ करा, डाउनस्पाउटचं तोंड भिंतीपासून निदान ६ फूट लांब न्या, आणि भिंतीलगतच्या मातीला पहिल्या १० फुटांत ६ इंच उतार द्या. मग दोन मोठे पाऊस जाऊ द्या. एवढ्याने भिंत कोरडी राहिली तर खणायची गरज नाही. भिंत आत झुकली असेल किंवा आडवी भेग असेल तर मात्र वॉटरप्रूफिंगवाला नाही, स्ट्रक्चरल इंजिनियर बोलवा. जो दुरुस्ती विकत नाही त्याचंच मत घ्यायचं.

आता पिण्याच्या पाण्याचं. क्लीव्हलँड वॉटर या पाणीपुरवठा संस्थेच्या हद्दीत १९५४ च्या आधीच्या घरांना रस्त्यापासून येणारी नळी शिशाची असू शकते. तपासायला पाच मिनिटं लागतात. बेसमेंटमध्ये मीटरच्या अलीकडे, म्हणजे भिंतीतून बाहेर येते तिथे, नळी शोधा. लोहचुंबक चिकटला तर जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड. नाही चिकटला आणि रंग तांब्याच्या नाण्यासारखा असेल तर तांबं. चुंबक चिकटत नाही, रंग मळकट करडा आहे आणि किल्लीने हलकं खरवडल्यावर चांदीसारखी चमक येते, तर शिसं. व्हॉल्व्हच्या आधी नळीला कांद्यासारखा फुगवटा दिसला तर जवळजवळ नक्कीच शिसं, जुन्या प्लंबरांचा तो झाळकामाचा जोड. खरवडल्यावर हात धुवा.

पण ही फक्त आतली बाजू झाली. फुटपाथपासून रस्त्यापर्यंतचा तुकडा वेगळ्या धातूचा असू शकतो. ऑक्टोबर २०२४ पर्यंत प्रत्येक पाणीपुरवठा संस्थेला सर्व्हिस लाइनची यादी करावी लागली आहे, तिच्यात पत्ता टाकून दोन्ही बाजू बघा. 'अज्ञात' लिहिलं असेल तर शिसं समजूनच चाला.

घरातले नळ जीआयचे असतील तर ते आतून गंजून अरुंद होतात. वरच्या मजल्यावरचा टबचा नळ पूर्ण सोडा, एक गॅलनचं भांडं धरा. २० सेकंदांत भरलं तर ठीक, ४० लागले तर आतली नळी पेन्सिलएवढी उरली आहे असं समजा. हे गरम आणि गार दोन्हीला करा. गरम पाण्याची नळी आधी बुजते.

दिवेलागण:
वायरिंगवर लिहितो, कारण 'नवीन पॅनल (विजेचा मुख्य बोर्ड) बसवलं आहे' या एका वाक्यावर लोक विश्वास ठेवतात. पॅनल नवं म्हणजे वायरिंग नवं नव्हे. बेसमेंटमध्ये दिसतो तेवढा भाग बदललेला आणि भिंतीत शिरल्यावर जुनंच, हे या घरांत नेहमीचं.

जुनं म्हणजे नॉब अँड ट्यूब: पांढऱ्या चिनी मातीच्या गोट्यांवर ताणलेल्या दोन सुट्या तारा, तुळईतून जाताना चिनी मातीच्या नळीतून. अर्थिंग नाही. न छेडलेलं असेल तर ते वाईट नसतं, तारेला हवा लागून ती गार राहावी अशीच त्याची रचना आहे. बिघडतं ते नंतरच्या हातांमुळे. एक, माळ्यावर उष्णतारोधक कापूस भरून तारा झाकल्या गेल्या. दोन, कोणीतरी मध्येच फाटा काढून तीन खोल्या जोडल्या. तीन, छताच्या दिव्याशी वर्षानुवर्षांच्या बल्बच्या उष्णतेने रबराचं वेष्टण कुरकुरीत झालं, हात लावताच गळतं. म्हणून माळ्यावर जा, कापूस जरा बाजूला करा, गोट्या शोधा. आणि छताचा एक दिवा उतरवून मागची तार बघायला सांगा. तीन पिनांचा सॉकेट दिसला तरी तपासणीचा प्लग लावा. त्या प्लगलाही फसवता येतं, सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ यांना तारेच्या तुकड्याने जोडलं की तो 'ठीक' दाखवतो. शंका आली तर सॉकेट उघडायलाच हवा.

हे सगळं ऑफरच्या आधी घराच्या विम्याशी बोलताना विचारा. अनेक विमा कंपन्या नॉब अँड ट्यूब असलेलं घर घेत नाहीत आणि हे क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पूर्ण होण्याच्या, आठवड्यात कळलं तर फार पंचाईत होते.

बदलायचं ठरलं तर एक चांगली गोष्ट. या काळातल्या बऱ्याच लाकडी घरांच्या भिंतींतली पोकळी बेसमेंटपासून माळ्यापर्यंत सलग असते. तळमजल्याला खालून आणि वरच्या मजल्याला माळ्यावरून वायर ओढता येते, गिलावा फार फोडावा लागत नाही. पण तीच पोकळी आगीला चिमणीसारखी वाट देते. इलेक्ट्रिशियन गेल्यावर खालचं आणि वरचं तोंड अग्निरोधक पदार्थाने बंद झालंय का ते स्वतः टॉर्च घेऊन बघा. हे काम कोणाच्याच बिलात नसतं म्हणून राहून जातं.

उंबरठा:
पैशांचं मी सांगते, कारण घराची किंमत कमी बघून हुरळून जायचं आणि मग टॅक्सचं बिल आलं की हबकायचं, हे टाळता येतं.

ओहायोत घराच्या बाजारभावाच्या ३५ टक्क्यांवर टॅक्स लागतो. एक मिल म्हणजे त्या रकमेच्या हजारी एक डॉलर. २,५०,००० चं घर असेल तर ८७,५०० वर टॅक्स. प्रभावी दर १०० मिल असेल तर वर्षाला ८,७५० डॉलर. शेकर हाइट्सचा दर राज्यात सगळ्यात वरच्यांपैकी आहे. त्याच किमतीच्या दोन घरांचं बिल गावाची आणि शाळेच्या जिल्ह्याची हद्द ओलांडली की बदलतं. आणि शाळेची हद्द व गावाची हद्द एकच असते असं समजू नका, पार्सल नंबर, म्हणजे त्या जागेचा सरकारी क्रमांक, घालून बघा.

शाळांच्या लेव्ही (मतदारांनी मंजूर करायचा जादा कर) दर काही वर्षांनी मतदानाला का येतात, हा प्रश्न नवीन माणसाला पडतो. १९७६ च्या राज्याच्या कायद्याने मतदारांनी मंजूर केलेल्या लेव्हीचं उत्पन्न घरांच्या किमती वाढल्या तरी फारसं वाढत नाही, दर आपोआप खाली येतो. खर्च मात्र वाढतो. नव्या उपनगरात नवी घरं, नवे मॉल उत्पन्नात भर घालतात. इथे रिकामी जमीनच नाही. म्हणून पुन्हा पुन्हा मतदान. याचा राग शाळेवर काढू नये, गणितच तसं आहे. काउंटीकडून घरांच्या किमतीचं फेरमूल्यांकन सहा वर्षांनी, मध्ये तिसऱ्या वर्षी एक सुधारणा. क्लीव्हलँडच्या कायाहोगा काउंटीत २०२४ च्या फेरमूल्यांकनात मूल्यं सरासरी ३२ टक्क्यांच्या आसपास वाढली. त्यामुळे विकणाऱ्याचं जुनं बिल बघून हिशेब करू नका.

शिवाय गावाचा इन्कम टॅक्स. क्लीव्हलँडचा २.५ टक्के कामाच्या ठिकाणी कापला जातो. राहत्या गावाचा वेगळा: लेकवुड १.५, क्लीव्हलँड हाइट्स आणि शेकर २.२५. कामाच्या शहरात भरलेल्याची किती सूट राहतं गाव देतं, ते प्रत्येकाचं निराळं. पूर्ण सूट नसेल तर वरचा फरक स्वतः भरावा लागतो. तो पगारातून आपोआप कापला जात नसेल तर वर्षाअखेर दंडासकट येतो.

केतकी:
आणि ते पॉइंट ऑफ सेल म्हणजे काय? एजंट म्हणतो ती विकणाऱ्याची डोकेदुखी.

उंबरठा:
@केतकी, अर्धंच खरं. शेकर, क्लीव्हलँड हाइट्ससारख्या गावांत घर विकण्याआधी गावाचा निरीक्षक येऊन त्रुटींची यादी देतो. रंग उडालेला, पायरी सैल, कठडा नाही, ड्राइव्हवे फुटलेला, गॅरेज कलंडलेलं. विकणाऱ्याने दुरुस्त केलं नाही तर पैसे एस्क्रोत, म्हणजे तिसऱ्याकडच्या राखीव खात्यात, ठेवून घर हातबदल होतं आणि काम घेणाऱ्याच्या गळ्यात पडतं, मुदतीसह. म्हणून ती यादी ऑफरच्या आधी मागा आणि प्रत्येक ओळीसमोर कोण करणार ते करारात लिहा. आणि ही तपासणी गावाच्या नियमांपुरती आहे. निरीक्षक नळीत कॅमेरा घालत नाही, भिंतीतली वायर बघत नाही. तिला स्वतःच्या इन्स्पेक्शनचा पर्याय समजू नका.

कौलारू:
मला ही पद्धत आवडत नाही. म्हाताऱ्या माणसाला घर विकायचं असतं आणि हाताशी पैसा नसतो, त्याला गॅरेजच्या रंगासाठी अडवतात.

उंबरठा:
@कौलारू, तुमचा मुद्दा खरा आहे आणि म्हणूनच यादी सुरक्षेपुरती हवी, शोभेपुरती नको. पण दुसरी बाजू बघा. ईस्ट क्लीव्हलँड १९६० मध्ये जवळपास ३८ हजार वस्तीचं होतं, २०२० मध्ये १४ हजारांच्या खाली. एकेका घराची डागडुजी थांबली, मालक दुसऱ्या राज्यातला झाला, मग शेजारची घरं. भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या गावात एक गळकं छप्पर सगळ्या गल्लीची किंमत खाली आणतं. मदतीचा मार्ग आहे: क्लीव्हलँड रिस्टोरेशन सोसायटीचा हेरिटेज होम प्रोग्रॅम, ५० वर्षांहून जुन्या घरांसाठी. सहभागी गावांत कमी व्याजाचं कर्ज आणि आधी तांत्रिक सल्ला. कंत्राटदाराचा अंदाज योग्य आहे का हे तिथे विचारता येतं, ते मला कर्जापेक्षाही मोलाचं वाटतं.

ओसरी:
या वादात थोडा इतिहास हवा, कारण कोणतं गाव का टिकलं ते त्यात आहे. क्लीव्हलँडशेजारच्या युक्लिड गावाचं नाव अमेरिकेतल्या प्रत्येक नगररचनाकाराला पाठ असतं. १९२६ साली युक्लिड गाव विरुद्ध अँब्लर रिअल्टी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने झोनिंग वैध ठरवलं आणि घरं इथे, कारखाने तिथे अशी आखणी देशभर पसरली. शेकरची जमीन व्हॅन स्वेरिंजन बंधूंनी विकली, आणि कोणाला विकता येईल यावर खरेदीखतातच अटी होत्या. कृष्णवर्णीय, ज्यू कुटुंबं त्यातून बाहेर ठेवली जात. १९५६ मध्ये शेकरच्या सीमेवरच्या लडलो भागात एका कृष्णवर्णीय वकिलाच्या बांधकाम चालू असलेल्या घराच्या गॅरेजमध्ये बॉम्ब फुटला. त्यानंतर १९५७ मध्ये दोन्ही वर्णांच्या शेजाऱ्यांनी लडलो कम्युनिटी असोसिएशन काढली, घाबरून घर विकू नका म्हणून दारोदार गेले. हे शेजारीच त्या भागाला वाचवून गेले. जुन्या खरेदीखतात अशी अट आजही छापलेली दिसते, १९४८ पासून ती न्यायालयात लागू होत नाही.

परसबाग:
न्यू जर्सीतून. नूअर्कला लागून असलेल्या ब्लूमफील्ड, मेपलवुड, ईस्ट ऑरेंज या पट्ट्यात बाकी सगळं असंच, फक्त एक जास्तीचं: जमिनीत पुरलेली तेलाची टाकी. पूर्वी घरं तेलावर तापवत, नंतर गॅस आला आणि टाकी तशीच राहिली. भिंतीलगत जमिनीतून वर आलेल्या दोन लोखंडी नळ्या, किंवा बेसमेंटच्या भिंतीत कापून दाबून टाकलेल्या बारीक तांब्याच्या नळ्या दिसल्या तर टाकी आहे किंवा होती. धातुशोधक आणि जमिनीत बघणाऱ्या रडारने टँक स्वीप करून घ्या. 'काढली आहे' म्हणाले तर गावाचं परमिट आणि मातीच्या चाचणीचा कागद मागा. गळती निघाली तर दूषित मातीचा खर्च जमीनमालकावर येतो, आणि घर घेतल्यावर ते तुम्हीच.

कौलारू:
छपराचं राहिलंच. शेकर आणि हाइट्समध्ये स्लेटची छपरं आहेत. स्लेट दगड शंभर वर्षं सहज टिकतो, आधी जातात त्याचे खिळे आणि कोपऱ्यांतले पत्रे. दहा-बारा फरशा निसटलेल्या बघून कंत्राटदार 'सगळं काढून डांबरी शिंगल' म्हणतो. त्याला विचारा की फरशी कशी बदलणार. रिपर नावाच्या चपट्या लांब हत्याराने जुने खिळे कापून, नवी फरशी सरकवून तांब्याच्या आकड्याने धरतात. हे उत्तर न देता तो वरून डांबर किंवा सिमेंट फासणार असेल, किंवा छपरावर बुटांनी चालत असेल तर त्याला खाली उतरवा. प्रत्येक पावलाला एक फरशी तडकते.

शिकागोच्या बर्विन, सिसेरो, ओक पार्ककडच्या विटांच्या बंगल्यांना एक वेगळा धोका. जुन्या विटा मऊ, त्यांच्यामधले सांधेही मऊ चुन्याचे. सांधे भरताना कडक सिमेंट वापरलं तर ओलावा सांध्यातून न निघता विटेतून निघतो, थंडीत गोठतो आणि विटेचा चेहराच गळून पडतो. मिश्रण विटेपेक्षा मऊ हवं, आणि जुना सांधा ग्राइंडरने विटेची कड न कापता निदान पाऊण इंच खोल मोकळा करायला हवा.

केतकी:
शेवटचा प्रश्न. रेडिएटर रात्री हातोडा मारल्यासारखे वाजतात. वाईट लक्षण?

ओसरी:
एकच नळी जोडलेली असेल तर ते वाफेचं. आवाज म्हणजे नळीत अडलेलं पाणी आणि वाफ यांची टक्कर. दोन गोष्टी बघा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, अर्धवट कधीच नाही. आणि रेडिएटर व्हॉल्व्हच्या बाजूला किंचित उतरता हवा, लेव्हल ठेवून विरुद्ध टोकाच्या पायांखाली पातळ लाकडी चकती सरकवा. बॉयलरचा दाब २ पीएसआयच्या (चौरस इंचाला २ पौंड) खाली ठेवा, वाढवला तर जास्त ऊब येत नाही, फक्त आवाज आणि गळती वाढते. काचेच्या नळीत पाण्याची पातळी अर्ध्याच्या वर हवी. पाणी कमी झालं की बॉयलर बंद करणारं फ्लोटचं सुरक्षा यंत्र असेल तर हिवाळ्यात आठवड्यातून एकदा बादली लावून त्याची घाण सोडा. सारखं पाणी भरावं लागत असेल तर कुठेतरी गळतंय. आणि नळ्यांवर पांढरं, कडेला पुठ्ठ्यासारखं नालीदार दिसणारं वेष्टण असेल तर हात लावू नका, ते बहुधा ॲस्बेस्टॉसचं. परवानाधारकाकडूनच काढायचं.

नळजोड:
शिशाची लाइन बदलून झाल्यावर काय करायचं हे राहिलं. अर्धीच बदलू नका, हलवाहलवीने काही काळ पाण्यातलं शिसं वाढतं. पूर्ण बदलल्यावर त्याच दिवशी सगळ्या नळांच्या तोंडच्या जाळ्या काढा, बेसमेंटपासून वरच्या मजल्यापर्यंत एकामागून एक सगळे गार पाण्याचे नळ सोडा आणि ३० मिनिटं वाहू द्या. मग बंद मात्र उलट क्रमाने, वरच्या मजल्यापासून खाली करा. पुढचे काही महिने पिण्यासाठी आणि बाळाच्या दुधासाठी एनएसएफ ५३ या मानकाचा, शिशासाठी प्रमाणित फिल्टर, तोही फक्त गार पाण्यावर. चाचणी करायची तर नळ ६ तास बंद ठेवून पहिल्याच धारेचं एक लिटर घ्या. काढलेल्या जाळ्यांत करडे कण अडकलेले दिसतील, त्या धुऊन परत लावू नका, नव्या बसवा.